तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

दातारकाकांची आणि माझी ओळख मी त्यांच्या तोंडावर दार लावल्यामुळे झाली.

मुद्दाम नव्हे. हॅम्बर्ग सोडून आम्ही उत्तर समुद्राच्या काठच्या वेस्टरझील नावाच्या लहानशा गावात राहायला आलो, त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. पवनचक्क्यांच्या कंपनीतली माझी नवी नोकरी, सामान अजून खोक्यांत, आणि आम्ही घरी नसताना पार्सलवाला आमचं एक पार्सल खालच्या मजल्यावर ठेवून गेलेला. शनिवारी दुपारी आम्ही जेवायला बसतोय तोच बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत, टाय लावलेले गृहस्थ आणि त्यांच्या हातात आमचं खोकं.

"मी दातार. खालीच राहतो. खोक्यावरचं नाव वाचलं, म्हटलं आपलेच दिसतायत."

त्या गावात मराठी कानावर पडेल अशी मला कल्पनाही नव्हती. मी आनंदाने म्हणालो, "या ना, जेवायलाच बसतोय आम्ही!"

"छे छे, माझं झालंय जेवण."

"बरं," मी म्हणालो. "भेटूच मग." आणि दार लावलं.

स्वयंपाकघरातून मृणालचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला. "किती वेळा विचारलंस?"

"काय?"

"जेवायला. किती वेळा विचारलंस त्यांना?"

"एकदा. झालंय म्हणाले."

बाजारातल्या नासक्या टोमॅटोकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "बारा वर्षांत पार जर्मन झालास तू. पळ. जिन्यातच असतील अजून."

मी धावलो. घाईत तिच्या चपला घातल्या होत्या हे नंतर कळलं. काका खरंच जिन्यात होते. चार पायऱ्या उतरून, कठड्याला धरून, भिंतीवर लावलेले जिना धुण्याचे नियम मन लावून वाचत होते. त्या इमारतीत ते दहा वर्षं राहत होते.

"काका, चला ना, थोडं तरी खा."

"नको रे, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? वरणभात आहे, बटाट्याची भाजी आहे. मृणालने पानसुद्धा घेतलंय."

"आता इतकं म्हणतोस तर..." असं म्हणत त्या चार पायऱ्या काका ज्या वेगाने चढले तो पंच्याहत्तरीच्या माणसाला शोभणारा नव्हता. भात तीनदा घेतला. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नसावं.

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना याबद्दल छेडलं, तेव्हा त्यांनी मला शास्त्रच सांगितलं. "हे बघ प्रसाद, पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारतात ते समोरचा खरंच उपाशी आहे का ते बघायला. तिसऱ्यांदा विचारतात तेच खरं बोलावणं."

"आणि तुम्ही पहिल्यांदा नको म्हणता ते?"

"तो नकार नसतो रे. तुझं बोलावणं पोचलं, एवढंच त्यातून सांगायचं असतं."

आता, हे शास्त्र घेऊन हा माणूस सांगलीहून थेट जर्मनीत आला आणि पंचेचाळीस वर्षं राहिला. इथे नको म्हणजे नको. हॅम्बर्गच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्याची त्यांची नोकरी होती. तिथे कोणाचा वाढदिवस असला की केकचं ताट फिरायचं. काका सवयीने म्हणायचे, "नाइन, डांके," म्हणजे नको, आभारी आहे. ताट पुढे जायचं. "दोन वर्षं," काका सांगायचे, "दोन वर्षं मी केक नुसता पुढे जाताना बघितला. चेरीचा, सफरचंदाचा, खसखशीचा. मला सगळे वासावरून ओळखता यायचे."

तिसऱ्या वर्षी नकाशे काढण्याच्या विभागात हेल्गा नावाची मुलगी रुजू झाली. तिने दोन-तीन वाढदिवस हे पाहिलं आणि एक दिवस ताट घेऊन काकांसमोर उभीच राहिली. पुढे सरकेना. सगळं समजून घेतल्यावर तिने आपल्या पद्धतीने त्यावर उपाय काढला. ती तिन्ही वेळा एका दमातच विचारून टाकायची. "काफे-काफे-काफे?" म्हणजे कॉफी. काका म्हणायचे, "या," म्हणजे जर्मनमध्ये हो. लग्नाचंही तिनेच विचारलं म्हणे, तसंच, श्वास न घेता.

वेस्टरझील हे हेल्गाचं माहेर. निवृत्तीनंतर दोघं इथे आले. मूलबाळ नव्हतं. आम्ही यायच्या सहा वर्षं आधी ती गेली होती. "तेव्हापासून मला कोणी काही दुसऱ्यांदा विचारलेलं नाही," असं काका एकदा म्हणाले. आज वारा पश्चिमेचा आहे असं सांगावं, त्या सुरात म्हणाले, आणि बशीतला उरलेला चिवडा बोटाने एका बाजूला गोळा करत बसले.

काकांचा टाय हा एक स्वतंत्र विषय होता. पोस्टात जाताना टाय. कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला टाय. पण त्यांचा सगळ्यात चांगला, गडद निळा टाय निघायचा तो महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. त्या संध्याकाळी राटहाऊसमध्ये, म्हणजे आमच्या नगरपालिकेत, कौन्सिलची सभा असायची. कोणीही जाऊन बसू शकतं. भिंतीला लागून बारा खुर्च्या मांडलेल्या असत. त्यांतल्या अकरा वर्षभर रिकाम्या आणि बारावीवर काका. मध्ये मोठं घोड्याच्या नालेसारखं टेबल, त्याभोवती निवडून आलेले सभासद, त्यांच्यापुढे नावाच्या पाट्या, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. बिस्किटांचं ताट भिंतीकडच्या खुर्च्यांपर्यंत येत नसे.

सभेच्या शेवटी गावकऱ्यांना प्रश्न विचारायची मुभा असते. काका उठून, टाय सारखा करून, दरवेळी एकच प्रश्न विचारायचे: बाकांचा.

आमच्या गावाला समुद्राचं पाणी अडवणारा लांबलचक बांध आहे. त्यावर चालायची वाट, आणि वाटेवर ओळीने तेवीस बाकं. सगळी समुद्राकडे तोंड करून. काकांचं म्हणणं, त्यांतली निदान दोन समोरासमोर करा. "अरे, चार माणसं बसली तरी चौघं पाण्याकडे बघत बसतात. पाण्यात काय आहे? अर्धा दिवस तर नुसता चिखल. माणसाकडे तोंड करून बसायला या गावात एक जागा नाही." स्वतः काका बाकावर नेहमी तिरके, दांडीला पाठ लावून बसायचे. शेजारी कोणी बसलंच तर तोंड दिसावं म्हणून.

प्रश्नाला उत्तरही दरवेळी एकच यायचं: आम्ही नोंद घेतली आहे. काकांनी ते वाक्य उचललं होतं. मृणाल म्हणाली, "काका, आमटीत मीठ जास्त झालंय, सांभाळून घ्या," की ते गंभीरपणे म्हणायचे, "नोंद घेतली."

भिंतीकडच्या खुर्चीवरून फक्त प्रश्न विचारता येतो. ठराव मांडायचा तर टेबलाशी बसावं लागतं. म्हणून काकांना त्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण गावात कोणत्याच पक्षाची नसलेली, गावकऱ्यांनी मिळून केलेली एक यादी होती. तिच्या प्रमुख हार्म्सबाईंनी मागच्या निवडणुकीला काकांना विचारलं होतं, "हेर दातार, आमच्या यादीत उभे राहाल का?" (हेर म्हणजे इथे श्रीयुत.) काका म्हणाले, "छे, मी कसला!" बाईंनी त्यांचं नाव खोडलं. पाच वर्षं काका त्यांना रस्त्यात भेटले की दोन पावलं जास्त रेंगाळायचे, आणि त्या बिचाऱ्या शुभेच्छा देऊन पुढे जायच्या.

हे काकांनी एकदा हसत हसत सांगितलं. मी मोठ्याने हसलो. मृणाल हसली नाही. पुढची निवडणूक जवळ आल्यावर ती परस्पर हार्म्सबाईंकडे गेली आणि म्हणाली, "त्यांना तीनदा विचारा."

हार्म्सबाई निवृत्त मुख्याध्यापिका. काम सांगितलं की नीट करायचं हा त्यांचा बाणा. त्यांनी डायरीत लिहून घेतलं आणि सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, तिन्ही दिवशी बरोबर सकाळी दहाला काकांची बेल वाजवून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. बुधवारी काका म्हणाले, "आता इतकं म्हणताय तर..."

निवडणुकीआधीचे सहा आठवडे काका वेगळेच होते. त्यांच्या बैठकीतल्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे, लोक दारात यायचे, हे लोकांच्या दारात जायचे. मी कामावर जाताना खालून बोलण्याचा आवाज यायचा. एरवी तिथून फक्त रेडिओ ऐकू यायचा. आमच्या घरात मत एकट्या मृणालला, कारण तिने जर्मन पासपोर्ट घेतलाय. मी अजून निळा पासपोर्ट छातीशी धरून बसलोय. देशप्रेम म्हणावं, तर खरं कारण त्या अर्जाला लागणारी अठरा कागदपत्रं हे आहे. त्यामुळे माझं योगदान म्हणजे पत्रकं वाटणं. त्यांतली चाळीस मी चुकून शेजारच्या गावात वाटून आलो.

इथे प्रत्येक मतदाराला तीन मतं असतात. तिन्ही एकालाच द्या किंवा वाटून द्या. काका खूश. "बघ! या लोकांनाही तीनचं महत्त्व कळतं."

निकालाच्या रविवारी संध्याकाळी आम्ही राटहाऊसच्या सभागृहात गेलो. सहाला मतदान संपलं. पडद्यावर एकेका केंद्राचे आकडे येऊ लागले. लोक हातात ग्लास घेऊन उभे, कोणी सॉसेज खातंय. काका निळा टाय लावून भिंतीशी उभे. मी म्हटलं, "काका, पुढे चला ना." म्हणाले, "इथून दिसतंय." आठच्या सुमारास शेवटचं केंद्र आलं. यादीला जागा एकच मिळाली होती आणि ती यादीत सगळ्यात जास्त मतं मिळवणाऱ्याची. हार्म्सबाई पहिल्या, काका दुसरे. फरक दोन मतांचा.

दोन! मृणालने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आणि मग, अचानक काहीतरी सुचल्यासारखी, ती काकांकडे वळली. "काका, तुम्ही स्वतःला तिन्ही दिलीत ना?"

काका दचकले. "भलतंच काय! आपल्या पानात आपणच वाढून घेतात का?"

"मग कोणाला दिलीत?"

"हार्म्सबाईंना. तीन दिवस आल्या होत्या गं माझ्याकडे."

मग ते टाय सारखा करत पुढे गेले आणि बाईंचं अभिनंदन करून आले. मृणाल पडद्याकडे बघत उभी राहिली. मी सॉसेज घ्यायला गेलो. अशा वेळी मी नेहमी काहीतरी खायला जातो.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. दुसरा आलेला माणूस राखीव असतो. पहिल्याने जागा सोडली तर ती त्याच्याकडे येते. आणि पुढच्या मार्चमध्ये हार्म्सबाईंचं कमरेचं ऑपरेशन झालं. जिने चढवेनात म्हणून त्या जागा सोडून मुलीकडे हॅम्बर्गला कायमच्या गेल्या.

राटहाऊसमधून काकांना फोन आला. निवडणुकीचं काम बघणाऱ्या ल्यूडर्सबाईंचा. जागा आता तुमच्याकडे येते, स्वीकारणार का?

काकांच्या तोंडून काय गेलं असेल ते सांगायला नको. "अहो, माझं वय झालं, कोणी तरुण बघा."

"शाडे," बाई म्हणाल्या, म्हणजे वाईट वाटलं. पण नकार लेखी लागतो, तर गुरुवारी येऊन सही कराल का?

काकांनी मला सांगितलं, "गुरुवारी गाडीने सोडशील का? बाईंनी भेटायला बोलावलंय." त्यांचा चेहरा उजळलेला होता. फोनवर एकदा विचारून झालं होतं. आता समोरासमोर दोनदा विचारतील, असा त्यांचा हिशोब. हे मला आज कळतंय. तेव्हा मला एवढंच कळलं की राटहाऊससमोर गाडी फक्त अर्धा तास लावता येते.

ल्यूडर्सबाई चाळिशीच्या, हसतमुख. त्यांनी आम्हाला बसवलं. कागद तयार होता.

"हेर दातार, तुम्हाला जागा नको आहे, असंच ना?"

काका हसले. "आता या वयात मी काय करणार? कोणी तरुण माणूस आला तर बरं."

"मी समजू शकते," बाई मनापासून म्हणाल्या. "आणि मला याचा आदर वाटतो." खोटं नव्हतं ते. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हाच त्यांचा आदर. आणि काका ज्या आदराची वाट बघत होते, त्यात समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचाच नसतो. बाईंनी कागद फिरवला, पेन पुढे केलं. "इथे, खाली उजवीकडे."

काकांनी पेन हातात घेतलं. कागदाकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

मी घड्याळात बघत होतो. सव्वीस मिनिटं झाली होती. काका बघतायत म्हटल्यावर मला वाटलं, चष्मा शोधतायत. तो त्यांनी येताना माझ्याकडे ठेवायला दिला होता. मी खिशातून काढून त्यांना चष्मा दिला.

काकांनी तो डोळ्यांवर चढवला आणि सही केली.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाई चांगली आहे. पण विचारलं नाही तिने."

"विचारलं की काका! तिथे सुद्धा विचारलं."

"ते खात्री करणं झालं रे. विचारणं नव्हे."

 मग जिन्यात माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "गाडीला दंड नाही ना झाला?"

मी घरी हे सांगितलं. मृणालने पोळी लाटता लाटता लाटणं खाली ठेवलं. या खेपेला ती मला काही बोलली नाही. मी ते माझं नशीब समजलो.

जागा यादीतल्या तिसऱ्या माणसाकडे, एका व्यायामशाळेच्या मालकाकडे गेली. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी काका निळा टाय लावून भिंतीकडच्या आपल्या खुर्चीवर हजर. एकदा मीही सोबत गेलो. शेवटी ते उठले, बाकांचं विचारलं. टेबलाकडून उत्तर आलं. उत्तर देणारा तो नवा सभासदच होता आणि त्याने ते वाक्य अजून पाठ नसल्यामुळे कागदावरून वाचलं. काका मान हलवून खाली बसले. त्या दिवशी टेबलावर खसखशीचा केक होता. मला दिसला नाही, काका वासावरून म्हणाले.

त्या उन्हाळ्यानंतर ते वर येईनासे झाले. म्हणजे बोलावलं तर यायचे, पण तीनदा म्हणण्याआधीच यायचे. पहिल्यांदा विचारलं की, "येतो." मला सोयीचं वाटलं. मृणाल म्हणाली, "हे काही बरं नाही." मी म्हटलं, "अगं, सुधारले ते."

शेवटचे दिसले ते ऑक्टोबरात, बांधावर. मी सायकलने कामावरून परतत होतो. ओहोटी होती, लांबवर चिखल चमकत होता. सतराव्या की अठराव्या बाकावर काका बसलेले, तिरके, दांडीला पाठ लावून. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी आपली टोपी ठेवली होती, कोणासाठी जागा धरावी तशी.

"काका, चला घरी! चहा टाकते मृणाल."

"नको रे. तू हो पुढे."

किती दिवसांनी ते नको म्हणाले होते. ते माझ्या लक्षातही आलं, हे मी इथे कबूल करतो. पण वारा पाठीमागून होता, सायकल आपोआप पळत होती, आणि दुसऱ्यांदा विचारायचं तर ब्रेक दाबावा लागला असता. मी मान वळवून ओरडलो, "मग उद्या या!" ते काहीतरी म्हणाले. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. "नोंद घेतली" असं म्हणाले असावेत. हात वर केलेला दिसला.

पाचव्या दिवशी सकाळी ते झोपेतच गेल्याचं कळलं. अंत्यसंस्काराला आम्ही दोघं, हॅम्बर्गहून काठी टेकत आलेल्या हार्म्सबाई आणि ल्यूडर्सबाई. ल्यूडर्सबाईंनी राटहाऊसतर्फे फुलं आणली होती. म्हणाल्या, "फार नम्र गृहस्थ. त्यांना कशाचीच हाव नव्हती." हार्म्सबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी फुलांकडे.

घरी आल्यावर मृणालने काकांकडे राहिलेला आमचा डबा घासायला घेतला. तो आधीच घासलेला होता, तरी घासत होती. मी बांधावरची ती संध्याकाळ तिला अजून सांगितली नव्हती. आता सांगितली, आणि तिचा तो प्रश्न यायची वाट बघत उभा राहिलो. उत्तर तयार होतं. एकदा.

तिने नळ बंद केला.

"सही करायला निघालात ना तुम्ही त्या गुरुवारी, त्याआधी ते वर आले होते. तू गाडी काढायला गेला होतास. मी विचारलं, काका, खरंच नकोय का तुम्हाला ती जागा? म्हणाले, नको गं, मी कसला." तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "मला कुकर लावायचा होता. मी म्हटलं, बरं."

मी तिच्या हातून डबा घेऊन फळीवर ठेवला.

"चार पायऱ्या उतरून उभे होते रे," ती म्हणाली. "मला वरून दिसत होते."